एर्लेनग्रुंडची भट्टी आणि बारा घरं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माझ्या दुकानात काउंटरखाली एक खण आहे. पार्सल सोडलं की सुतळीचा तुकडा त्यात टाकायचा, एवढीच सवय. एकदा वर्षभराने खण ओढायला गेलो तर उघडेचना! आमच्या गावच्या इतिहास मंडळाच्या गोष्टींचं माझ्याकडे असंच झालंय. फ्रँकफर्ट-ड्युसेलडॉर्फची मंडळी गणपतीला आमच्याकडे जमली की विचारतात, "शेठ, त्या खेड्यात तुम्ही करता तरी काय?" मग एक तुकडा ओढायला जावं तर सगळा गुंताच बाहेर येतो.

मी मूळचा सांगलीचा. हळदीच्या पेठेत वाढलो, अकरावीत शाळा सोडली. माल दाखवायला म्हणून फ्रँकफर्टच्या एका प्रदर्शनात आलो आणि इथेच टिकलो. कायझर्सलाउटर्नला स्टेशनजवळ माझं मसाल्यांचं आणि डाळ-तांदळाचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी आणि आपले पुण्याकडचे इंजिनियर. शहरातलं घर जमेना म्हणून दोन हजार तीन-चारच्या सुमारास बसने पंचवीस मिनिटांवर असलेल्या एर्लेनग्रुंड नावाच्या खेड्यात एक जुनं घर घेतलं. चारशे वस्ती, एक चर्च, जेवणाखाण्याचं आणि बिअरचं एक गास्टहाउस, आणि न संपणारा इतिहास.

*

राहायला येऊन आठवडा झाला असेल. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात सत्तरीचे उंच गृहस्थ, गळ्यात टाय, काखेत जाडजूड फाइल. म्हणाले, "तुम्ही श्नायडर्समध्ये राहायला आलात. नोंद करायची आहे."

नोंद! जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसाला दोनच गोष्टींची धास्ती असते, थंडीची आणि कागदांची. मी त्यांना बसवलं आणि बायकोला म्हटलं, "मालती, कागदांचा डबा काढ गं."

पासपोर्ट, व्हिसा, पत्ता नोंदवल्याचं आनमेल्डुंग, दुकानाचा परवाना, लग्नाचा दाखला, आमच्या रेवाचं लसीकरणाचं कार्ड. सगळं टेबलावर मांडलं. गृहस्थ एकेक कागद मन लावून वाचत होते, वहीत शाईने, जुन्या वळणाच्या लांब शेपटीच्या अक्षरात उतरवून घेत होते. मग त्यांनी आजोबांचं नाव विचारलं. पणजोबांचं विचारलं. पणजोबांचा धंदा विचारला! मला घाम फुटला. मालतीने दोनदा चहा केला, शंकरपाळे पुढे ठेवले. दीड तासाने ते उठले.

मालतीने धीर करून विचारलं, "आपण कुठल्या ऑफिसातून आलात?"

"ऑफिस?" ते म्हणाले. "मी निवृत्त शिक्षक. फोग्ट. गावाचा इतिहास लिहितो. लसीकरणाचं कार्ड खरं म्हणजे लागत नव्हतं, पण तुम्ही इतक्या आपुलकीने दाखवलंत!"

दार लागल्यावर मालती म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी आधी त्यांचा कागद मागा!"

*

श्नायडर म्हणजे शिंपी. आमच्या घराला सगळं गाव 'श्नायडर्स' म्हणतं. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे, ती कुणी वाचत नाही. पोस्टमनपासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांना मी 'श्नायडर्सचा प्रकाश'. मी फोग्ट गुरुजींना (शिक्षक म्हटल्यावर माझ्या तोंडात गुरुजीच येतं) विचारलं, या घरात शेवटचा शिंपी होता कधी?

त्यांनी फाइल चाळली. "शंभरावर वर्षं झाली. त्यानंतर एक गवंडी, दोन रेल्वेवाले आणि एक दाताचा डॉक्टर राहून गेला."

"त्यांना काय म्हणायचे?"

"श्नायडर्स."

आमच्या मंडळात डीटर म्हणून एक निवृत्त बस ड्रायव्हर आहे, गावचा टवाळ. मी म्हटलं, "डीटर, मी मसालेवाला. हे घर माझ्या धंद्याच्या नावाने कधी ओळखलं जाईल?"

डीटरने बिअरचा घोट घेतला. "तुझ्या नातवाच्या नातवाने इथे मसालेच विकले, तर विषय बैठकीत घेऊ."

"घेऊ," गुरुजी म्हणाले. "मंजूर होईलच असं नाही."

*

बैठक म्हणजे दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता गास्टहाउसातलं कोपऱ्यातलं टेबल. नवीन आलेल्या माणसाची चौकशी दीड तास केल्यावर गुरुजींना बहुधा वाटलं, आता याला मंडळात घ्यायलाच हवं. मीही गेलो. खेड्यात दुकानदाराने एका टेबलावर तरी बसलेलं बरं.

गुरुजींचा नियम एकच, पुरावा नसेल तर ओळ नाही. चौदा वर्षं ते इतिहास लिहितायत आणि पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही. प्रत्येक पानावर एखाद्या तरी ओळीचा पुरावा यायचा बाकी असतो.

आमच्या भागात दर गावात एक खाणावळ असते, जिथे एक बडा सम्राट लढाईवर जाताना मुक्कामाला राहिला होता. डीटरचं म्हणणं, तो आपल्याही गास्टहाउसात राहिला होता.

गुरुजी म्हणाले, "इतक्या ठिकाणी झोपला, तर लढला कधी?"

पुढच्या सोमवारी डीटर खुर्चीच घेऊन आला. मावशीच्या माळ्यावर सापडलेली, काळी कुळकुळीत, पाठीवर मुकुट कोरलेला. "याच खुर्चीत बसून त्याने सूप प्यायलं!"

गुरुजींनी चष्मा पुसला. खरं सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच पुरावा चार पायांवर चालत आला होता! मी सहज म्हणून खुर्ची उलटी केली. खालून एका कारखान्याचा कागद चिकटवलेला, त्यावर बारीक अक्षरांत सूचना होती, 'बसण्यापूर्वी सर्व स्क्रू घट्ट करावेत.'

डीटर मात्र जराही हलला नाही. "सम्राट होता तो," म्हणाला. "त्याचे स्क्रू दुसरं कुणीतरी घट्ट करत असणार."

*

आता भट्टीचं सांगतो. चर्चच्या खालच्या अंगाला, रस्ता संपतो तिथे, एक बुटकी दगडी खोली आहे. बाकहाउस, म्हणजे गावाची पाव भाजायची भट्टी. पूर्वी बारा घरांचा तिच्यावर हक्क होता. कणीक घरी मळायची, इथे आणून भाजायची. मी गेलो तेव्हा भाजणारी एकच उरली होती, लीझलबाई. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आमच्या मंडळाची चौथी सभासद. महिन्यातून एका शनिवारी ती स्वतः मोळ्या वाहून भट्टी पेटवायची, आठ पाव भाजायची आणि त्यातले सात वाटून टाकायची.

पण त्याआधी सोडत व्हायलाच हवी! कापडी पिशवीत बारा लाकडी चकत्या, प्रत्येकीवर एका घराचं नाव. ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने भाजायचं. भाजणारी एकटी, तरी ही बाई इमानाने सोडत काढायची.

मी विचारलं, "कशासाठी?"

"कुणी आलंच तर? भांडण नको."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या घराचीही चकती आहे आत. श्नायडर्स. भाजणार?" मी हो म्हटलं. तिने पिशवीत हात घातला आणि पहिलीच चकती माझी!

पहिला नंबर! आपल्याकडे पहिला नंबर म्हणजे काय, ते सांगायला नको. मी भर रस्त्यातून मालतीला फोन केला. दुकानातून पेढ्यांचा डबा आणला आणि सोमवारी बैठकीत वाटला. डीटरने दोन खाल्ले, तोंड पुसलं आणि विचारलं, "पण कशाबद्दल?"

मी सांगितलं. तिघे एकमेकांकडे बघायला लागले.

लीझलबाईने मला समजावलं. भट्टी महिनाभर थंडगार पडलेली असते. पहिल्या नंबरवाल्याने सकाळी सहाला यायचं, सगळी लाकडं त्याने आणायची, दगड तापेपर्यंत चार तास जाळ करत बसायचं. दुसऱ्या नंबरापासून पुढे सगळ्यांना आयती गरम भट्टी. म्हणून तर सोडत! एरवी पहिलं कोण होईल?

गुरुजी वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिला नंबर आला म्हणून मिठाई वाटल्याची ही या गावातली पहिलीच नोंद."

*

त्या शनिवारी मोळ्या वाहून माझी कंबर गेली. मालतीने मात्र संधी साधली. पाव निघाल्यावर आत जी धग उरली होती, तिच्यात तिने भरतासाठी चार वांगी सारली.

लीझलबाई ओरडलीच, "नागडी भाजी! माझ्या भट्टीत!"

त्यांच्याकडे भट्टीत भाजी जाते ती कणकेत गुंडाळून, अंगभर कपडे घालून. मालतीने वांगी सोलली, कांदा-कोथिंबीर घातली, तेल-तिखट घातलं आणि गरम पावाच्या तुकड्यावर भरीत ठेवून बाईच्या हातात दिलं. बाईने खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं. पुन्हा एक तुकडा पुढे केला.

पुढच्या महिन्यात बघतो तर भट्टीच्या कट्ट्यावर लीझलबाईची पिशवी आणि पिशवीत सहा वांगी!

*

आणि याच भट्टीवर संक्रांत आली.

गावचा बुर्गरमाइस्टर, आपल्या भाषेत सरपंच, पन्नाशीचा शेतकरी. मनाने वाईट नाही. त्याची अडचणही खरी होती. शाळेची बस भट्टीपर्यंत यायची आणि वळायला जागा नाही म्हणून अख्खा रस्ता उलटी जायची. पोरं दोन्ही बाजूंनी चाललेली, ड्रायव्हरला दिसत नाहीत. सरपंच म्हणाला, भट्टी पाडू, तिथे बस वळवू. आमची रेवाही त्याच बसने जाते, त्यामुळे मला फार जोरात विरोधही करता येईना.

डीटर म्हणाला, "मी एकतीस वर्षं बस चालवली. अग्निशमन दलाच्या अंगणात बस सहज वळते."

"डीटर," सरपंच म्हणाला, "चर्चची भिंत तू दोनदा पाडलीस."

"एकदा! दुसऱ्या वेळी ती आधीच वाकलेली होती."

गुरुजींनी अर्ज करून जुन्या वास्तूंच्या खात्याचा एक अधिकारी बोलावला. भला माणूस. त्याने भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं, "भिंती जुन्या आहेत. पण छप्पर नवं, दार त्याहून नवं. कायद्याने वाचवावं असं फार काही उरलेलं नाही. गाव वापरत असेल तर गावानेच ठरवावं."

गाव वापरत असेल तर! सरपंच लीझलबाईकडे वळला. आवाज चढवला नाही. "लीझल, एका बाईच्या आठ पावांसाठी चाळीस पोरांची बस अडवू का मी?"

बाई मोळी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "नको अडवू. मी मेले की पाड. फार थांबावं लागणार नाही."

सरपंच टोपी हातात धरून उभाच राहिला. या वाक्याला 'बरं' म्हणता येत नाही आणि 'नको' म्हणावं तर बस तिथेच.

त्या सोमवारी लीझलबाईने बिअरला हात लावला नाही. ग्लास बाजूला सारून म्हणाली, "माझा नवरा मला पहिल्यांदा भेटला तो त्या भट्टीच्या दारात. हातात कणकेची परात, नाकाला पीठ. पण फोग्ट, हे काही तुझ्या इतिहासात बसायचं नाही."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

*

मध्येच एक आमच्या घरचा किस्सा. रेवाच्या शाळेत सांगितलं, घरातली सगळ्यात जुनी वस्तू घेऊन या. मी म्हटलं, "रेवा, खलबत्ता ने." ती म्हणाली, "बाबा, दास इस्ट त्सु श्वेर!" म्हणजे फार जड आहे. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. शेवटी मीच पितळी खलबत्ता उचलून शाळेत नेला. प्रदर्शन बघायला गुरुजी आलेले.

"कुणाचा?" गुरुजींनी मालतीला विचारलं.

"माझ्या सासूबाईंचा."

"त्याआधी?"

"त्यांच्या सासूबाईंचा."

"त्याआधी?"

"त्यांच्याही सासूबाईंचाच असणार की!"

गुरुजी विचारात पडले. म्हणाले, "आमच्या दप्तरात प्रत्येक वस्तू बापाकडून मुलाकडे जाते. सासूकडून सुनेकडे गेलेली ही पहिलीच. भांडण न होता?"

मालती म्हणाली, "तसा काही पुरावा नाही."

*

एर्लेनग्रुंडचं इंग्लंडमधल्या एका छोट्याशा खेड्याशी नातं आहे. दोन्ही गावांनी एकमेकांना जोडगाव मानलंय. त्या उन्हाळ्यात तिथल्या इतिहास मंडळाचे सहा जण पाहुणे आले. इंग्रजी येणारा म्हणून दुभाष्या मी! माझं इंग्रजी पोत्यांवरची लेबलं वाचून आणि बंदरावरच्या दलालांशी भांडून झालेलं. पण चाललं.

चर्चमध्ये गुरुजींनी सांगितलं, हे साडेसातशे वर्षांचं. पाहुण्यांच्या अध्यक्षा मिसेस हॉब्ज, बारीक चणीच्या, हसतमुख. म्हणाल्या, "फार सुंदर! आमचं आठशे वर्षांचं."

गुरुजी म्हणाले, "पाया धरला तर आमचं साडेआठशे."

मिसेस हॉब्ज म्हणाल्या, "आमच्या पायाखाली आणखी एक पाया आहे. तो धरला तर नऊशे."

हळदीच्या सौद्यात बोली अशीच चढते. मी दोन्हीकडे भाव पोचवतोय आणि मनात म्हणतोय, आता हातोडा कोण मारणार? तेवढ्यात मिसेस हॉब्जनी मलाच विचारलं, "आणि तुमच्या गावचं देऊळ किती जुनं?"

मी म्हटलं, "पांडवांनी बांधलंय. एका रात्रीत."

पांडव कोण, कधीचे, हे थोडक्यात सांगितलं. बोली तिथेच संपली! गुरुजींनी पेन काढलं. "पुरावा?"

"देवळातला गुरव सांगतो."

गुरुजींनी वहीत लिहिलं, 'गुरव, तोंडी.' मिसेस हॉब्ज हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एका रात्रीत? म्हणजे बांधकामाच्या परवानगीसकट?"

मग आम्ही पाहुण्यांना भट्टीवर नेलं. मिसेस हॉब्ज म्हणाल्या, "आमच्याही गावात अशी होती. आता तिथे गॅरेज आहे. पण आम्ही भिंतीवर फार छान पाटी लावलीय."

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. लीझलबाई म्हणाली, "पाटीवर पाव भाजतो का, विचार तिला."

आता मी पडलो धंदेवाला. पाहुण्याला दुखवायचं नाही, ही पेठेची शिकवण. मी इंग्रजीत म्हटलं, "बाई म्हणतायत, पाटीची कल्पना चांगली आहे."

मिसेस हॉब्ज लीझलबाईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नाही. त्या असं म्हणाल्या नाहीत. आणि त्या जे म्हणाल्या ते बरोबर आहे."

दोघी मग एकमेकींचा हात धरून भट्टीत वाकून बघत राहिल्या. दुभाष्याची कुणाला गरज उरली नव्हती.

*

शरद लागला आणि पंचायतीची सभा आली. गास्टहाउसच्या हॉलमध्ये भरली, सगळं गाव लोटलं. गुरुजी बोलले, डीटर बोलला, बसवाल्या पोरांच्या आया बोलल्या. शेवटी सरपंच उभा राहिला. त्याला हे प्रकरण एकदाचं, पण न्यायाने संपवायचं होतं.

"तुम्ही म्हणता भट्टी गावाची आहे. ठीक. येत्या सोमवारी सगळ्यांसमोर सोडत काढा. ज्या घराचा पहिला नंबर निघेल, त्या घराने लाकडं आणून भट्टी पेटवली, तर भट्टी गावाची. मी बस दुसरीकडे वळवीन. नाही पेटवली, तर लीझल, किल्ली तू स्वतः माझ्या हातात द्यायचीस."

"आल्झो, बरं तर, चालेल," लीझलबाई म्हणाली.

मी डोक्याला हात लावला. बारा घरांपैकी आमची दोनच, एक तिचं, एक माझं. गुरुजी शाळेच्या क्वार्टरमध्ये राहतात आणि डीटरचं घर नवं, त्यांच्या चकत्याच नाहीत. उरलेली दहा घरं सुपरमार्केटचा कापलेला पाव खाणारी. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "लीझलबाई, असला सौदा मी जन्मात केला नसता."

"तुझा नंबर निघाला तर लाकडं आणशील?"

"आणीन की."

"मग झालं."

सोमवारी पाच वाजता भट्टीपुढे साठेक माणसं. लीझलबाईने पिशवी आणली. काढायची कुणी? सरपंच म्हणाला, "मीच काढतो, म्हणजे मागून कुणाला शंका नको." त्याने बाही वर केली, मान दुसरीकडे वळवली, हात घातला, चकती काढली. वाचली. आणि ओठातल्या ओठात पुटपुटला.

डीटर मागून ओरडला, "मोठ्याने!"

"केसलर्स," सरपंच म्हणाला.

केसलर म्हणजे तांबट. तांबट केव्हाच गेले. केसलर्समध्ये आता सरपंच राहतो! त्याचं स्वतःचं घरही बारांपैकी एक आहे, हे सभेत बोलताना तो साफ विसरला होता. त्याच्या आईनंतर त्या घरातून भट्टीकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

लोक हसायला लागले. सरपंचीणबाई पुढच्याच रांगेत उभ्या. म्हणाल्या, "हान्स, शनिवारी सहाला उठायचंय. मोळ्या तुझ्या तू बांध. शब्द तू दिलास."

*

आणि शनिवारी सहाला सरपंच आला! ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत एवढी लाकडं की सहा भट्ट्या पेटाव्यात. अर्ध्या तासात खोलीभर धूर आणि सरपंच डोळे चोळत बाहेर. लीझलबाई हाताची घडी घालून उभी होती.

"धुराड्याची झडप आधी उघडायची असते," म्हणाली. "तुझ्या आईला माहीत होतं."

"आई मला आत येऊच द्यायची नाही. म्हणायची, हे बायकांचं राज्य आहे."

"मग आज ये."

आठ वाजता बातमी गावभर झाली की सरपंचाचं तोंड काळं झालंय. हे बघायला कोण येणार नाही? पण भट्टीवर जायचं म्हणजे रिकाम्या हाताने कसं, म्हणून एकीने कणीक आणली, दुसरीने कांद्याचा केक आणला, तिसरीने आलूबुखारे लावलेली मोठी परात. बाकीच्या नंबरांची सोडत लीझलबाईने धुराने काळवंडलेल्या जुन्या चकत्यांमधून तिथेच कट्ट्यावर काढली. माझा नंबर सातवा, म्हणजे आयती गरम भट्टी! दुपारपर्यंत फळीवर पाव ठेवायला जागा नव्हती. सरपंचाचा पहिला पाव खालून करपला होता. तो त्याने कुणाला दिला नाही, कागदात गुंडाळून घरी नेला.

बस आता अग्निशमन दलाच्या अंगणात वळते.

*

एवढ्यावर मी नेहमी थांबतो. पण आज सगळं सांगतोच.

सोडतीच्या दिवशी केसलर्सचं नाव निघालं आणि हशा पिकला, त्या गडबडीत लीझलबाईने पिशवी माझ्या हातात दिली. "आत खुंटीला अडकव. पुढचे नंबर शनिवारी."

मी आत गेलो. नाडी नीट आवळलेली नव्हती. अडकवताना पिशवी कलली आणि चार-पाच चकत्या जमिनीवर घरंगळल्या. उचलायला वाकलो. लाकूड नवं कोरं, कापल्याचा वास अजून येत होता. खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिली.

केसलर्स. केसलर्स. केसलर्स. केसलर्स.

पिशवीत हात घातला. आतल्या सगळ्यांवरही तेच. शाईचं, घोटून काढलेलं, जुन्या वळणाचं अक्षर, पहिल्या अक्षराला खाली लांब शेपूट. असं अक्षर आमच्या गावात आता एकच माणूस काढतो.

मी चकत्या आत भरल्या, नाडी घट्ट आवळली, पिशवी खुंटीला लावली आणि बाहेर आलो. दारातच गुरुजी उभे होते, हातात वही.

मी विचारलं, "आजची सोडत इतिहासात घालायची ना?"

"घालायची," गुरुजी म्हणाले. "पण डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच. तुम्ही काय पाहिलंत?"

"सरपंचांनी स्वतःच्या हाताने चकती काढली. केसलर्स निघालं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," गुरुजी म्हणाले. "तेवढी एक ओळ पुरे."